मूठभर भाजके धान्य

भाजलेल्या धान्याची महाराष्ट्राला ओळख करून द्यावी लागत नाही. थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर भाजला जाणारा ज्वारीचा हुरडा, नागपंचमीच्या लाह्या, चिवड्यातले भाजके पोहे, उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवलेले सातूचे पीठ, ही सारी एकाच कुळातील मंडळी आहेत. तरीही अलीकडे हेच भाजके धान्य रंगीत खोक्यांत बसून, ‘ग्रॅनोला’ असे परदेशी नाव धारण करून आपल्या दुकानांत येते. ते आरोग्यदायी म्हणून विकले जाते आणि त्याचे मोलही तसेच भारी असते.

हे खोके उघडण्यापूर्वी त्याचा इतिहास उघडून पाहावा, असे आम्हांस वाटते. कारण या धान्याचा जन्म कारखान्यात झालेला नाही. तो झाला प्रार्थना आणि पथ्य यांच्या सहवासात, ख्रिस्ती श्रद्धेने भारलेल्या आरोग्यधामांत. त्याच्या मुळाशी एक धार्मिक प्रश्न होता: माणूस जे खातो त्याने तो पवित्र होतो काय? त्या प्रश्नाचे जे उत्तर तेथील मंडळींनी दिले, त्यातून काही चांगले निघाले आणि काही अतिशय वाईटही निघाले. आपल्या घरांतून आहाराविषयी जी चर्चा सध्या चालते, तिला या इतिहासाचा उपयोग होईल.

पवित्र शास्त्रातील शिदोरी

भाजलेले धान्य बायबलच्या वाचकांस परके नाही. लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात असा नियम आहे, की नव्या पिकाची पहिली पेंढी परमेश्वराला अर्पण होईपर्यंत कोणी त्या पिकाची भाकर किंवा भाजलेले धान्य खाऊ नये. म्हणजे कापणीच्या दिवसांत कणसे भाजून खाणे ही त्या लोकांची रोजचीच रीत होती. दावीद रणभूमीवरील आपल्या भावांकडे निघाला, तेव्हा वृद्ध पिता इशाय याने त्याच्याजवळ एफाभर भाजलेले धान्य आणि दहा भाकरी दिल्या. पुढे त्याच दावीदाचा क्रोध शांत करावयास नाबालाची पत्नी अबीगईल गाढवांवर शिदोरी लादून गेली. तीत पाच मापे भाजलेले धान्य, मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा होत्या. धान्य, मनुका, अंजीर: बाजारातील ग्रॅनोलाच्या खोक्यावर छापलेली यादी याहून फारशी निराळी नसते.

या साऱ्यांत आम्हांला सर्वांत प्रिय आहे ती रूथची कथा. परक्या देशातून आलेली ही विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचीत होती. भोजनाच्या वेळी बवाजाने तिला कापणी करणाऱ्यांच्या पंक्तीत बसविले आणि आपल्या हाताने भाजलेले धान्य दिले. ती पोटभर जेवली आणि जे उरले ते तिने सासूसाठी राखून ठेवले. पवित्र शास्त्रातील भाजके धान्य असे नेहमी कोणाच्या तरी हातून कोणाच्या तरी हाती जाते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पथ्याचा धर्म

आता आपण एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत जाऊ. तेथील सुखवस्तू घरांतील सकाळचे जेवण त्या काळी फार जड असे. खारवलेले डुकराचे मांस, चरबीत तळलेले बटाटे, पांढऱ्या पिठाचे पाव आणि कडक कॉफी यांनी दिवसाचा प्रारंभ होई. अपचन हा जणू राष्ट्रीय विकार बनला होता. या आहाराविरुद्ध प्रथम जोराचा आवाज उठविला तो प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांनी. १७९४ साली जन्मलेले ग्रॅहम मद्यपाननिषेधाचे प्रचारक होते. मद्यावरून ते मांसाकडे, मसाल्यांकडे आणि अखेर पिठाकडे वळले. गव्हाचा कोंडा काढून टाकणे हे ईश्वराने जे एकत्र जोडले ते वेगळे करण्यासारखे आहे, असा त्यांचा सूर असे. कोंड्यासकट दळलेल्या जाड्या पिठाला आजही त्यांचेच नाव आहे. १८३७ साली बोस्टन शहरात त्यांच्या व्याख्यानांवर बेकरीवाले आणि खाटीक चालून गेले होते, इतकी त्यांची वाणी त्या धंद्यांना झोंबली.

ग्रॅहम यांच्या पिठापासून प्रत्यक्ष न्याहरीचे धान्य तयार केले ते जेम्स केलब जॅक्सन यांनी. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत उमेदीची वर्षे घालविलेले हे गृहस्थ पुढे न्यूयॉर्क राज्यातील डान्सव्हिल या गावी जलोपचाराचे आरोग्यधाम चालवीत. तेथे मांस, चहा, कॉफी, मद्य व तंबाखू वर्ज्य होते. १८६३ साली त्यांनी कोंडायुक्त पिठाच्या कणकेचे पातळ थर भाजले, त्यांचे तुकडे करून ते पुन्हा भाजले आणि भरडले. या भरड्याला त्यांनी ‘ग्रॅन्युला’ असे नाव दिले. हे कण इतके कठीण असत, की रात्रभर दुधात भिजविल्याशिवाय ते चावता येत नसत. तयार थंड न्याहरीचा अमेरिकेतील प्रारंभ असा दगडासारख्या कणांनी झाला.

त्याच १८६३ साली मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या पंथाची रीतसर स्थापना झाली. प्रभूचे पुनरागमन समीप आहे असे मानणारी आणि शनिवार हा शब्बाथ पाळणारी ही मंडळी. त्यांच्या अग्रणी एलन व्हाइट यांना त्या वर्षीच्या जून महिन्यात एक दर्शन झाले, असे त्यांनी सांगितले. शरीर निरोगी राखणे हे धार्मिक कर्तव्य आहे, असा त्या दर्शनाचा आशय होता. पुढील वर्षी त्या डान्सव्हिलला जाऊन आल्या आणि १८६६ साली पंथाने बॅटल क्रीक येथे स्वतःचे आरोग्यधाम उघडले.

या आरोग्यधामाची सूत्रे १८७६ साली अवघ्या चोवीस वर्षांच्या एका डॉक्टरच्या हाती आली. त्यांचे नाव जॉन हार्वे केलॉग. त्यांच्या कर्तृत्वाने ही संस्था ‘बॅटल क्रीक सॅनिटेरियम’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मका यांच्या पिठांची बिस्किटे भाजून त्यांचा भरडा केला आणि त्यालाही ‘ग्रॅन्युला’ असेच नाव दिले. जॅक्सन यांनी हरकत घेतली. तेव्हा १८८० नंतर लवकरच एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ हा शब्द जन्मास आला. जगभर आरोग्याची खूण म्हणून मिरविणारे हे नाव मुळात व्यापारी तंट्यातून निघालेली पळवाट आहे, हे सांगितले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

भाजण्यामागे डॉक्टरांचा एक शास्त्रीय विचार होता. कोरड्या आचेने धान्यातील पिष्टाचे काही प्रमाणात विघटन होऊन डेक्स्ट्रिन तयार होते व ते पचनास हलके पडते, असे त्यांचे प्रतिपादन असे. याच विचाराने ते रुग्णांना दोनदा भाजलेले टोस्ट देत. एका वृद्ध बाईंचे कृत्रिम दात अशा टोस्टवर मोडले आणि तिने दहा डॉलरची भरपाई मागितली, अशी आठवण डॉक्टर स्वतः सांगत. काहीतरी मऊ, तयार आणि तरीही भाजलेले शोधले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. १८९४ साली शिजवून काही काळ तसाच राहिलेला गहू रुळांतून काढताना त्याची एकसंध पोळी न निघता प्रत्येक दाण्याची वेगळी पातळ पाकळी निघाली. थांबलेल्या वेळात ओलावा दाण्यात सर्वत्र सारखा मुरला होता, हे त्याचे कारण. या पाकळ्या भाजल्या आणि त्या कुरकुरीत झाल्या. १८९६ साली या कृतीचे पेटंट जॉन हार्वे यांच्या नावे नोंदले गेले. परंतु त्या स्वयंपाकघरात त्यांचा धाकटा भाऊ विल्यम कीथ होता आणि डॉक्टरांच्या पत्नी एला ईटन केलॉग याही प्रयोग करीत असत. शोध नेमका कोणाचा, यावर पुढे आयुष्यभराचे वैर उभे राहिले.

दोन भाऊ आणि एक सही

विल्यम, ज्यांना घरी विल म्हणत, ते थोरल्या भावाच्या हाताखाली सुमारे पंचवीस वर्षे अल्प वेतनावर राबले. हिशेब, पत्रव्यवहार, माल पाठविणे हे सारे त्यांचे काम, आणि मानसन्मान सारा डॉक्टरांचा. पाकळ्या बाजारात आणाव्यात, चवीसाठी त्यांत साखर घालावी, असे विल यांचे मत होते. डॉक्टरांना ते पाखंडासारखे वाटे. दरम्यान १८९१ साली रुग्ण म्हणून येऊन गेलेले सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचे गृहस्थ त्याच गावात कारखाना काढून श्रीमंत होत चालले होते. १८९५ साली त्यांनी कॉफीऐवजी घेण्याचे एक पेय व १८९७ साली भाजक्या कणांचे धान्य विक्रीस आणले. नव्या शतकाच्या आरंभी तर बॅटल क्रीकमध्ये न्याहरीचे धान्य करणाऱ्या कंपन्यांचे पेवच फुटले.

याच पोस्ट यांनी आपल्या मक्याच्या पाकळ्यांना ‘एलियाज मान्ना’ असे नाव दिले होते. अरण्यात देवाने दिलेला मान्ना आणि एलिया संदेष्टा या दोघांनाही त्यांनी विक्रीस लावले. धर्मोपदेशकांनी गहजब केला, ब्रिटनमध्ये या नावाची नोंदणी नाकारण्यात आली आणि १९०८ साली नाव बदलावे लागले. पवित्र शास्त्र बाजाराच्या कामी लावण्याची हौस काही आजची नाही, इतके यावरून दिसते.

१९०६ साली विल केलॉग यांनी स्वतंत्र कंपनी काढली. खरा माल ओळखता यावा म्हणून त्यांनी खोक्यावर आपली सही छापली. डॉक्टरांनीही आपल्या मालावर तेच आडनाव लावले आणि भाऊ भावावर न्यायालयात गेला. वर्षानुवर्षे चाललेला हा झगडा १९२० साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात विल यांच्या बाजूने संपला. पथ्य सांगणारे डॉक्टर आणि धान्य विकणारे विल, दोघेही एक्क्याण्णव वर्षांचे होऊन वारले, एक १९४३ साली व दुसरे १९५१ साली. दीर्घायुष्य दोघांनाही लाभले. एकमेकांचे प्रेम मात्र लाभले नाही. डॉक्टरांनी अखेरच्या दिवसांत आपल्या भावाला समेटाचे पत्र लिहिले होते. ते त्यांच्या हयातीत धाडलेच गेले नाही. विल यांच्या हाती ते पडले तेव्हा लिहिणारा या जगात नव्हता.

वेदीवर अर्पण आणताना भावाशी काही बिनसले असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने सांगितले. ही गोष्ट ताटालाही लागू पडते. उत्तम पचणारे अन्न खाऊन भावाविषयीची कटुता पचत नाही.

शुद्धतेचा अतिरेक

या कथेचे एक काळे पान आहे आणि ते झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. १९०७ साली डॉक्टर केलॉग यांचे ॲडव्हेंटिस्ट पंथातील सभासदत्व रद्द झाले. त्यानंतर त्यांच्या शुद्धतेच्या ध्यासाने निराळेच वळण घेतले. शरीर शुद्ध करता येते, तर वंशही का शुद्ध करू नये? त्यांनी वंशसुधारणेसाठी एक प्रतिष्ठान उभारले आणि जानेवारी १९१४ मध्ये बॅटल क्रीक येथे त्या विषयावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरविली. दुर्बल, मनोरुग्ण वा ‘अयोग्य’ ठरविलेल्या माणसांना संतती होऊ देऊ नये, असा हा विचारप्रवाह होता. अनेक अमेरिकन राज्यांनी सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले आणि हजारो निराधार माणसे त्यांना बळी पडली. पुढे जर्मनीत या विचाराने काय रूप घेतले, ते जगाने पाहिले.

मनुष्यस्वभाव किती गुंतागुंतीचा असतो पाहा. याच डॉक्टरांनी आणि एला यांनी स्वतःचे मूल नसताना चाळीसहून अधिक मुलांचा आपल्या घरी सांभाळ केला. त्यांत वेगवेगळ्या वंशांची मुले होती. त्यांच्या घराने जे शहाणपण दाखविले, ते त्यांच्या सिद्धांताने दाखविले नाही.

३१ डिसेंबर १९३० रोजी पोपमहोदय अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोन्नूबी’ हे विवाहविषयक परिपत्रक प्रसिद्ध केले. ज्यांच्याकडून दोष घडलेला नाही, त्यांच्या शरीराच्या अवयवांवर शासनाला असा अधिकार चालविता येणार नाही, अशी भूमिका त्यात घेतली आहे. सुशिक्षित जगातील पुष्कळ मंडळी वंशसुधारणेला विज्ञान समजत होती, त्या काळात ख्रिस्तसभेने हे सांगितले, याची नोंद आपण ठेवावयास हवी.

चांगले म्हणूनच सोडावयाचे

येथे एखादा वाचक विचारील, उपवास तर आपणही करतो. मग भेद काय? भेद मूलभूत आहे. केलॉग आणि त्यांचे समविचारी मांस सोडीत, कारण त्यांच्या मते मांस दूषित होते. आपण शुक्रवारी मांस वर्ज्य करतो ते मांस चांगले आहे म्हणून. वाईट वस्तू सोडण्यात अर्पण कसले? जी देणगी चांगली आहे, आवडती आहे, तीच प्रेमापोटी बाजूला ठेवावयाची असते. बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला अपवित्र करीत नाही. त्याच्या अंतःकरणातून जे निघते ते त्याला अपवित्र करते, ही प्रभूची शिकवण संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. सर्व अन्न शुद्ध ठरविणाऱ्या या शिकवणीने ख्रिस्ती माणसाला ताटाच्या भयातून मुक्त केले.

‘ब्रेकफास्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी उपवास मोडणे असा आहे. आपल्या आजी-आजोबांना तो अर्थ शब्दशः ठाऊक होता. कम्युनियन घ्यावयाचे तर मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य असे. पहाटेची मिस्सा आटोपून घरी आल्यावरच तोंडात घास जाई. पोपमहोदय बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याने हा उपवास मोडत नाही असे जाहीर केले. १९५७ साली त्यांनी घन अन्नासाठी उपवासाची मुदत तीन तासांवर आणली. १९६४ साली पोपमहोदय सहावे पॉल यांनी ती एक तासावर आणली. नियम सौम्य झाला, ते योग्यच झाले. परंतु दिवसाचा पहिला घास आपण एका भोजनानंतर घेतो, त्या भोजनात आपल्याला स्वतः ख्रिस्त मिळालेला असतो, ही जाणीव त्या नियमाबरोबर पातळ होऊ नये. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल सांगतात. मंदिराची निगा राखावयाची असते. पूजा मंदिरात होत असते, मंदिराची नव्हे.

साखरेचे राज्य आणि घरचे धान्य

बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जन्मलेल्या पदार्थाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांनी लहान मुलांना गिऱ्हाईक केले. १९५२ साली केलॉग कंपनीने साखरेचा थर दिलेल्या मक्याच्या पाकळ्या आणल्या आणि पुढे काही धान्यांत तर निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असे. पथ्याचे अन्न खाऊ बनले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बंडखोर तरुणांनी कारखान्याच्या अन्नाकडे पाठ फिरवून ओट्स, मध आणि सुकामेवा एकत्र भाजून ‘ग्रॅनोला’ हे जुने नाव पुन्हा उचलले. १९६९ सालच्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात भुकेल्या जमावाला कागदी पेल्यांतून तो वाटला गेला. तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांनी तोही खोक्यांत भरला.

भारतात केलॉग कंपनी १९९४ साली आली आणि आपल्या तळोजे येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तिला अडचण पडली ती आपल्या सवयींची. भारतीय घरांत सकाळी दूध गरम असते, आणि गरम दुधात कुरकुरीत पाकळी मऊ पडते. या इतिहासाचा दुसरा धागाही महाराष्ट्रात पोहोचला आहे. १९१५ साली कोईमतूर येथे आरंभ झालेली ॲडव्हेंटिस्ट पंथाची स्पायसर ही शिक्षणसंस्था पुढे पुण्यात स्थिरावली. साधा, शाकाहारी आहार ही त्या बंधुभगिनींची परंपरा आहे. त्यांच्या सिद्धांतांशी आपले मतभेद असले, तरी शरीराविषयीच्या त्यांच्या शिस्तीपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता प्रश्न राहतो तो आपल्या स्वयंपाकघराचा. हे धान्य विकत घेण्याची मुळीच गरज नाही. तीनशे ग्रॅम जाड चपटे ओट्स घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नयेत, त्यांचा भुगा होतो. त्यांत शंभर ग्रॅम भरड कुटलेले शेंगदाणे किंवा काजू-बदाम आणि पन्नास ग्रॅम तीळ, जवस व भोपळ्याच्या बिया मिसळाव्यात. साठ ग्रॅम गूळ दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून त्यात तीन मोठे चमचे तेल, पाव लहान चमचा मीठ आणि थोडी दालचिनीची पूड घालावी. हे मिश्रण धान्याला हाताने चोळून ओव्हनच्या थाळीत पातळ पसरावे आणि १५० अंश सेल्सिअसवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. दर दहा मिनिटांनी ते हलवावे, नाहीतर कडा करपतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ओट्स आधी कोरडे दहा-बारा मिनिटे भाजावेत. शेंगदाणे व बिया वेगळ्या भाजाव्यात, कारण तीळ लवकर तडतडतात. मग सारे एकत्र करून गुळाचे मिश्रण ओतावे आणि आणखी सहा-सात मिनिटे सतत परतावे. धान्य आचेवर असताना मऊच लागते. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. सोनेरी रंग आणि तो खमंग दरवळ आला की आच बंद करावी. धान्यातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांचा उष्णतेने संयोग होऊन हा रंग व गंध निर्माण होतो. त्यापुढे गेले की कडवटपणा येतो. मनुका, खजूर किंवा अंजिरांचे तुकडे मिळून ऐंशी ग्रॅम घ्यावेत, पण ते गार झाल्यावर मिसळावेत, कारण आचेवर ते कडक होतात. हवाबंद डब्यात हे दोन-तीन आठवडे उत्तम राहते. ओट्स महाग वाटत असतील, तर निम्म्या ओट्सऐवजी जाडे पोहे किंवा ज्वारीच्या लाह्या घ्याव्यात. त्या वेगळ्या भाजून शेवटी मिसळल्या म्हणजे चुरा होत नाही.

एवढ्या मापात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या बारा ते चौदा न्याहऱ्या होतात आणि प्रत्येक न्याहरीच्या वाट्याला जेमतेम एक लहान चमचा गूळ येतो. ओट्समधील विद्राव्य तंतू रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतात, हे मान्य झालेले आहे. तथापि दाणे, तेल आणि गूळ यांमुळे हा पदार्थ उष्मांकांनी भरलेला आहे. आरोग्याचा म्हणून वाडगाभर खाणे बरे नव्हे. गूळ काय, मध काय, मधुमेही माणसाच्या शरीराला ती साखरच. गुळाऐवजी मध वापरला, तर एक वर्षाच्या आतील बाळाला त्यातील दाणाही देऊ नये.

येत्या प्रायश्चित्तकाळात एखाद्या शनिवारी हे काम घरातील सर्वांनी मिळून करावे, अशी आमची सूचना आहे. मुलांनी शेंगदाणे सोलावेत, वडिलांनी कढईजवळ उभे राहावे, आजीने रंग पाहून आच बंद करावयास सांगावे. विकतच्या खोक्याचे जे पैसे वाचतील ते गरजूंच्या पेटीत जावेत. आणि डबा भरताना त्यातील एक हिस्सा बाजूला काढावा, शेजारच्या एकाकी आजोबांसाठी, रुग्णालयातून घरी आलेल्या कोणासाठी, किंवा ज्या भावाशी वर्षभर बोलणे नाही त्याच्यासाठी. बवाजाच्या शेतात रूथने पोटभर खाल्ले आणि उरलेले सासूकडे नेले. नामीने तिला विचारले, आज तू कोठे सरवा वेचलास? दोन दुःखी बायकांच्या घरात आशेचे बोलणे तेव्हापासून सुरू झाले.